जुनी गाडी, विकतची वॉरंटी आणि मामांचा प्रश्न



गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी मामांचा फोन आला. मामा म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, राहायला कोरेगावला. फंडाच्या पैशातून एक सेकंड हँड गाडी घ्यायची म्हणून पुण्यात आले होते आणि थेट यार्डातूनच बोलत होते.

"अगं, गाडी चार लाख तीसला म्हणतोय. सहा वर्षं झालेली, फर्स्ट ओनर. वर चौदा हजार भरले की वर्षभराची वॉरंटी. इंजिन, गिअरबॉक्स सगळं त्यात. घेऊ का?"

मी म्हटलं, "मामा, ते अवलंबून आहे."

"कशावर?"

इथे माझी गाडी अडली. उत्तर होतं, पण यार्डात उभ्या असलेल्या माणसाला दोन वाक्यांत सांगता येईल असं नव्हतं. मामा म्हणाले, "चार वर्षं अर्थशास्त्रात पीएचडी करतेस आणि चौदा हजारांचं सांगता येत नाही होय?" आणि फोन ठेवला.

लागलं जरा. कारण माझ्या सिनॉप्सिसचा पहिला परिच्छेदच जुन्या गाड्यांच्या बाजारावर आहे. आणि मामांसाठी हा प्रश्न गमतीचा नव्हता. दहाएक वर्षांपूर्वी त्यांनी 'ओळखीतली आहे' म्हणून एक गाडी घेतली होती. तीन महिन्यांत गिअरबॉक्स गेला आणि मामींची एक पाटली मोडून ते काम करावं लागलं. त्या पाटलीचा विषय घरात अजून निघतो.

तर आजची पोस्ट मामांच्या 'कशावर?'चं उत्तर आहे. पेट किंवा नेट-सेट देऊन संशोधनाच्या तयारीत असलेल्यांसाठी त्यात आणखी एक गोष्ट आहे: घरातला साधा प्रश्न शोधप्रश्न कसा होतो, आणि तो तपासायला गेलं की कुठे पाय घसरतो.

आधी शब्द नीट करून घेऊ

यार्डात 'वॉरंटी' हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात.

पहिली, गाडी बनवणाऱ्या कंपनीची वॉरंटी. नव्या गाडीसोबत येते आणि ठरावीक वर्षं किंवा किलोमीटर झाले की संपते. सहा वर्षांच्या गाडीत ती बहुतेक वेळा संपलेलीच असते.

दुसरी, विकणारा स्वतः देतो ती. "तीन महिन्यांत इंजिनचं काम निघालं तर मी करून देईन." वेगळे पैसे नाहीत, किमतीतच धरलेली.

तिसरी, वेगळे पैसे भरून घ्यायची एक्स्टेंडेड वॉरंटी. ही बऱ्याचदा तिसरीच कंपनी देते, यार्डवाला फक्त विकतो. मामांना सांगितलेली ही होती.

आणि 'गाडीचा इन्शुरन्स आहे की' असं म्हणणाऱ्यांसाठी: मोटार विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत अपघात, चोरी वगैरे धरतात. यांत्रिक बिघाड आणि झीज त्यात बसत नाही. त्यामुळे गिअरबॉक्स गेला तर विमा असूनही बिल आपल्यालाच भरावं लागतं. ही फट भरायलाच एक्स्टेंडेड वॉरंटी विकली जाते. फट खरी आहे. ती भरायची किंमत बरोबर आहे का, हा पुढचा प्रश्न.

तांदळातले खडे

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने 'द मार्केट फॉर लेमन्स' नावाचा एक पेपर लिहिला. तो १९७० साली 'क्वार्टरली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स'मध्ये छापून आला. जेमतेम १३ पानं. अमेरिकेत बोलीभाषेत 'लेमन' म्हणजे वरून ठीक दिसणारी पण आतून बिघडलेली गाडी. आपल्याकडे 'खटारा' म्हणतात, पण खटारा लांबून ओळखू येतो. लेमन ओळखू येत नाही, तीच तर अडचण.

पेपरचा गाभा एका उदाहरणात सांगते (आकडे माझे). एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या १०० गाड्या विकायला आहेत. ५० चांगल्या, ५० बिघडलेल्या. चांगली गाडी आहे हे नक्की माहीत असेल तर गिऱ्हाईक ५ लाख देईल, बिघडलेलीचे ३ लाख देईल. पण कुठली कुठली हे फक्त मालकाला माहीत. मग गिऱ्हाईक सरासरी धरतो आणि ४ लाख म्हणतो. चांगल्या गाडीच्या मालकाला साडेचार लाखांच्या खाली परवडत नाही, तो म्हणतो 'राहू दे, घरातच वापरतो'. एकेक करून चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात. उरतात त्या बिघडलेल्या. गिऱ्हाईकाला हे कळलं की तोही ३ लाखांवर येतो.

नुकसान कुठे झालं बघा. चांगली गाडी साडेचार ते पाच लाखांच्या मधे कुठेही विकली गेली असती तर दोघांचाही फायदा होता. कोणी कोणाला फसवलं नाही, तरी तो व्यवहार झालाच नाही. एकाला माहीत असणं आणि दुसऱ्याला नसणं, एवढ्यानेच बाजार बिघडला. याला असमान माहिती म्हणतात, आणि वाईट माल मागे उरण्याच्या या प्रक्रियेला प्रतिकूल निवड.

आता एक गोष्ट जी आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. हा पेपर संपादकांकडे पाठवून अकरलॉफ १९६७-६८ या वर्षासाठी दिल्लीत इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये आले होते, आणि नकाराचं पहिलं पत्र त्यांना इथे भारतातच मिळालं. एकूण तीन नामांकित जर्नल्सनी तो पेपर नाकारला. कोणाला विषय क्षुल्लक वाटला, तर एका परीक्षकाचं म्हणणं असं की हे बरोबर असेल तर कुठलाच माल विकला जाणार नाही. २००१ साली मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासोबत अकरलॉफना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात या पेपरचा मोठा वाटा होता. गाईडने सिनॉप्सिस तिसऱ्यांदा परत पाठवलं असेल तर हे आठवा. (आणि मग दुरुस्त्या करा. नाकारलेला प्रत्येक पेपर 'लेमन्स' नसतो.)

त्या छापील पेपरात भारत आहे. बाजारातल्या तांदळात त्याच रंगाचे नि आकाराचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात आणि भारतीय गृहिणीला ते वेचून काढावे लागतात, असा उल्लेख त्यात आहे. आपल्या भाषेत त्या कामाला 'तांदूळ निवडणं' म्हणतात. परसात सूप घेऊन बसलेली आजी जी निवड करत होती, ती प्रतिकूल निवडीवरचा घरगुती इलाज होता. गाडी मात्र सुपात घालता येत नाही.

विकणाऱ्याने दिलेली वॉरंटी काय सांगते

हा तिढा सोडवणाऱ्या व्यवस्थांमध्ये अकरलॉफ पहिलं नाव गॅरंटीचं घेतात. गॅरंटी दिली की जोखीम गिऱ्हाईकाकडून विकणाऱ्याकडे जाते.

पण त्याहून मोठं एक काम ती करते. स्पेन्सच्या १९७३ च्या 'जॉब मार्केट सिग्नलिंग' या पेपरातलं तत्त्व इथे लागू पडतं. चांगल्याला स्वस्त पडते आणि वाईटाला महाग, अशी कृती असेल तर ती कृती खरं बोलते. अशा कृतीला संकेत म्हणतात.

पुन्हा आकडे (गृहीत धरलेले). इंजिनचं काम निघालं तर खर्च ६०,००० रुपये. चांगल्या गाडीत वर्षभरात ते निघण्याची शक्यता ५ टक्के, बिघडलेलीत ४० टक्के. म्हणजे वर्षाची वॉरंटी द्यायची तर सरासरीने चांगल्या गाडीच्या विक्रेत्याला ३,००० रुपये पडतात, बिघडलेलीच्या विक्रेत्याला २४,०००. वॉरंटी असलेल्या गाडीला गिऱ्हाईक १५,००० जास्त देत असेल तर चांगल्या गाडीवाला आनंदाने वॉरंटी देईल आणि १२,००० कमावेल. बिघडलेल्या गाडीवाला देणार नाही, कारण त्याला ९,००० चा खड्डा पडेल. गिऱ्हाईकाने इंजिनकडे ढुंकूनही न बघता त्याला गाडी कळली.

ही जादू एकाच अटीवर चालते. ज्याला गाडी माहीत आहे, त्याच्याच खिशातून दुरुस्तीचे पैसे गेले पाहिजेत.

विकतची वॉरंटी गप्प का असते

आता मामांच्या चौदा हजारांकडे या. ही वॉरंटी त्या यार्डात त्याच गटातल्या प्रत्येक गाडीवर, त्याच किमतीला मिळत होती. बिघाड झाला तर पैसे तिसरी कंपनी देणार. यार्डवाल्याच्या खिशाला तोशीस नाही, उलट अशा विक्रीवर विकणाऱ्याला बहुधा कमिशन सुटतं. मग ती गाडी चांगली असो वा वाईट, तो तितक्याच उत्साहाने वॉरंटी विकणार. दोघांनाही सारखीच स्वस्त पडणारी कृती संकेत होऊ शकत नाही.

म्हणून 'गाडीवर वॉरंटी मिळतेय म्हणजे गाडी चांगलीच असणार' हा निष्कर्ष दुसऱ्या प्रकारच्या वॉरंटीला लागू आहे, तिसऱ्या प्रकारच्या नाही. शब्द एकच, म्हणून आपण एकीची पत दुसरीला देऊन टाकतो. मामा नेमके इथेच चुकत होते. आणि खरं सांगायचं तर फोनवर मलाही हे चटकन सुचलं नाही.

तिसऱ्या प्रकारची वॉरंटी म्हणजे निव्वळ बिघाडाचा विमा. विम्याची चिकित्सा विम्यासारखीच करायची: अटी काय, किंमत किती, आणि धोका आपल्याला पेलणारा आहे का.

अटींची पानं कशी वाचायची

मामांकडून अटींची पीडीएफ व्हॉट्सॲपवर मागवली. नऊ पानं, बारीक टाइप. पहिल्यांदा वाचताना वाटलं, या लोकांना पैसे द्यायचेच नाहीत. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की जवळजवळ प्रत्येक कलमामागे पाठ्यपुस्तकातला एकेक धडा आहे.

कारण इथे पारडं उलटतं. गाडी विकताना विकणाऱ्याला जास्त माहीत असतं. वॉरंटी विकताना गिऱ्हाईकाला जास्त माहीत असतं: आपण गाडी कशी चालवतो, घाटात किती जातो, इंजिनचा आवाज आधीपासून येतोय का. कंपनीला दोन भीती असतात. एक, बिघडलेल्या गाड्यांचेच मालक वॉरंटी घ्यायला येतील. ही प्रतिकूल निवड. दोन, वॉरंटी घेतल्यावर माणूस निष्काळजी होईल, ऑइल बदलायला टाळाटाळ करेल. याला नैतिक जोखीम म्हणतात. आता कलमं बघा:

- *पहिले ३० दिवस क्लेम नाही. घेण्याआधीपासूनचा बिघाड धरला जाणार नाही.* हे प्रतिकूल निवडीविरुद्ध आहे. पण गिऱ्हाईकाला नेमकी भीती याच बिघाडाची असते! मामांच्या जुन्या गाडीचा गिअरबॉक्स तिसऱ्या महिन्यात गेला. तो 'आधीपासूनचा' होता की नाही हे कोण ठरवणार? अटींनुसार, कंपनीने नेमलेला माणूस.
- *सर्व्हिसिंग ठरलेल्या वेळी, ठरलेल्या ठिकाणी, बिलासह.* हे नैतिक जोखमीविरुद्ध. ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे कच्च्या पावतीवर काम करणाऱ्यांचे क्लेम इथे अडकतात.
- *क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर, बॅटरी वगळून.* हे भाग झिजणारच आहेत आणि किती लवकर ते चालवणाऱ्याच्या हातापायावर अवलंबून. जे होणार हे नक्की आहे त्याचा विमा काढता येत नाही.
- *वर्षभरात एकूण क्लेम ६०,००० पर्यंत.* 'इंजिन, गिअरबॉक्स सगळं त्यात' या तोंडी वाक्याची खरी उंची इथे कळते.

रॉथचाइल्ड आणि स्टिग्लिट्झ यांनी १९७६ च्या पेपरात दाखवलं की विमा कंपनी वेगवेगळे करार समोर ठेवून गिऱ्हाईकांनाच आपापली चाळण करायला लावू शकते. कमी संरक्षण स्वस्तात आणि पूर्ण संरक्षण महागात ठेवलं की आपला धोका जास्त आहे हे ज्यांना माहीत असतं ते आपणहून महागड्या कराराकडे जातात. यार्डात 'सिल्व्हर' आणि 'गोल्ड' असे दोन प्लॅन दिसले तर तो फक्त सेल्समनचा चमचमाट समजू नका.

कायद्यातली एक बारीक गोष्टही सांगून ठेवते. १९३० च्या वस्तू विक्री कायद्यात 'कंडिशन' आणि 'वॉरंटी' हे वेगळे शब्द आहेत. कंडिशन मोडली तर माल नाकारता येतो. वॉरंटी मोडली तर भरपाई मागता येते, माल परत करण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. म्हणजे 'वॉरंटी आहे, नाही पटली तर गाडी परत करू' हा समज चुकीचा आहे.

हे खरं आहे का, तपासायचं कसं?

सिद्धांत देखणा आहे म्हणून तो खरा ठरत नाही. एरिक बाँड यांनी १९८२ साली अमेरिकेतल्या पिकअप ट्रकांची माहिती घेऊन पाहिलं. लेमन्सचा सिद्धांत बरोबर असेल तर सेकंड हँड घेतलेल्या ट्रकांना, तेवढ्याच वयाच्या आणि तेवढ्याच चाललेल्या पण पहिल्या मालकाकडेच असलेल्या ट्रकांपेक्षा जास्त दुरुस्ती लागायला हवी. तसा फरक त्यांना आढळला नाही.

म्हणजे अकरलॉफ खोटे पडले? नाही. एक शक्यता अशी की ट्रक घेणारे जाणकार असतात आणि तपासून घेतात. दुसरी अशी की बाजाराने गॅरंटी, नावलौकिक, मेकॅनिकची तपासणी असे इलाज शोधलेत आणि ते काम करतायत. परिणाम न दिसणं म्हणजे कारण नसणं नव्हे. हे वाक्य वहीत लिहून ठेवा, व्हायव्हात उपयोगी पडेल.

विम्याच्या बाजूने प्रसिद्ध चाचणी शियापोरी आणि सलानिए यांची, २००० सालची. कल्पना सोपी आहे. कंपनीला जे जे माहीत आहे (वय, गाडी, गाव वगैरे) ते सगळं सारखं धरा. मग बघा, जास्त संरक्षण घेणाऱ्यांचे अपघात जास्त होतात का? होत असतील तर कुठेतरी लपलेली माहिती काम करतेय. फ्रान्समधल्या तरुण वाहनचालकांच्या माहितीत त्यांना असा सहसंबंध सापडला नाही.

इथे दोन सापळे आहेत.

पहिला सापळा: समजा सहसंबंध सापडला. तो प्रतिकूल निवडीमुळे की नैतिक जोखमीमुळे? जास्त धोका असलेल्यांनी विमा घेतला, की विमा घेतल्यावर लोक बेफिकीर झाले? आकडा दोन्हीकडे सारखाच दिसतो. पण इलाज पूर्ण वेगळे आहेत.

दुसरा सापळा: समजा सापडला नाही. फिंकेलस्टाइन आणि मॅकगॅरी यांनी २००६ साली अमेरिकेतल्या वृद्धांच्या दीर्घकालीन देखभाल विम्यावर दाखवलं की दोन उलट प्रवाह एकमेकांना खोडू शकतात. आपला धोका जास्त आहे हे ओळखून काही जण विमा घेतात. पण स्वभावानेच सावध असलेले लोकही विमा घेतात आणि त्यांचा धोका कमी असतो. बेरीज शून्याजवळ येते, आणि तरी लपलेली माहिती दोन्हीकडे असते. आपल्या मामांचंच घ्या. प्रवासाला निघायच्या आदल्या दिवशी टायरची हवा दोनदा बघणारा माणूस, वॉरंटी पहिल्यांदा तोच मागणार.

मग किंमत जास्त असूनही लोक घेतात का?

जस्टिन सिडनॉर यांनी २०१० च्या पेपरात अमेरिकेतल्या घरविम्याच्या ५०,००० पॉलिसी पाहिल्या. नुकसान झाल्यावर पहिली काही रक्कम गिऱ्हाईकाने भरायची असते. ती १,००० डॉलरवरून ५०० वर आणण्यासाठी लोक साधारण १०० डॉलर जास्त हप्ता भरत होते. क्लेमचं प्रमाण ५ टक्क्यांहून कमी. म्हणजे ५०० डॉलरच्या त्या जादा संरक्षणाची सरासरी किंमत २५ डॉलरपेक्षाही कमी होते. शंभर देऊन पंचवीस विकत घेतले.

आबितो आणि सलांत यांचा २०१९ चा पेपर तर एक्स्टेंडेड वॉरंटीवरच आहे. एका मोठ्या अमेरिकी इलेक्ट्रॉनिक्स दुकानाची माहिती आणि सोबत प्रयोग. निष्कर्ष असा की वस्तू बिघडण्याची शक्यता लोक खऱ्यापेक्षा जास्त धरतात, आणि खरी शक्यता सांगितली की वॉरंटीसाठी पैसे मोजायची तयारी कमी होते. पण त्या वस्तू नव्या होत्या. सहा वर्षांच्या गाडीला तोच निष्कर्ष जसाच्या तसा लावणं धोक्याचं आहे. गाडीच्या बाबतीत भीती अवाजवी आहे की रास्त, हे वेगळं तपासावं लागेल.

मामांची आकडेमोड

वॉरंटी १४,००० ची, क्लेमची मर्यादा ६०,०००. मर्यादेएवढं काम निघेल असं धरलं तरी पैसे वसूल व्हायला त्याची शक्यता १४ भागिले ६०, म्हणजे साधारण २३ टक्के हवी. अटींत बसणारं बिल सरासरी ३५,००० चं असेल तर ४० टक्के हवी.

आता स्वतःला विचारा: वर्षभरात इंजिन किंवा गिअरबॉक्सचं काम निघण्याची शक्यता ४० टक्के आहे असं तुम्हाला खरंच वाटत असेल, तर ती गाडी घ्यायचीच कशाला?

पण सरासरी म्हणजे सगळं नाही. ज्याच्याकडे ६०,००० बाजूला पडलेत त्याने धोका स्वतः घ्यावा, चौदा हजार बँकेत ठेवावे. ज्याला एका बिलासाठी पाटली मोडावी लागेल, त्याने सरासरीपेक्षा जास्त किंमत देऊन विमा घेणं हा वेडेपणा नाही. विमा त्यासाठीच असतो. फक्त मग आधी बघायचं, की ज्या बिघाडाला आपण घाबरतोय तो अटींत बसतोय का. मामांची भीती 'आत लपलेल्या बिघाडा'ची होती आणि नेमका तोच वगळलेला होता.

यातून शोधप्रश्न कसा काढायचा

'पुणे शहरातील जुन्या गाड्यांच्या एक्स्टेंडेड वॉरंटीचा चिकित्सक अभ्यास.' असं शीर्षक मी पहिल्या वर्षी लिहिलं असतं. यात प्रश्नच नाही, फक्त जागा आणि वस्तू आहे.

थोडं बरं: 'वॉरंटी घेणाऱ्यांच्या गाड्या जास्त बिघडतात का?' प्रश्न आहे, पण वरच्या दोन्ही सापळ्यांत अलगद सापडतो.

आणखी बरं: 'वॉरंटीची किंमत वाढली की घेणाऱ्यांचा सरासरी क्लेम वाढतो का?' ही कल्पना आयनाव, फिंकेलस्टाइन आणि कलन यांच्या २०१० च्या पेपरातली. त्यांनी एका मोठ्या अमेरिकी कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विम्यावर ती वापरली. यातली खुबी समजून घ्या. सगळ्यांचा करार एकच आहे, म्हणून करारामुळे येणारी बेफिकिरीही साधारण सारखीच. बदलली फक्त किंमत, म्हणजे बदलले फक्त घेणारे. महाग झाल्यावर जे टिकले त्यांचे क्लेम जास्त निघाले तर ती प्रतिकूल निवड. अट एवढीच की किंमत का बदलली याचा गिऱ्हाईकाच्या धोक्याशी संबंध नसावा. कंपनीने आर्थिक वर्ष बदलताना सरसकट दर वाढवले तर चालेल. जास्त चाललेल्या गाड्यांचेच दर वाढवले तर चालणार नाही.

माहिती कुठून आणायची हा प्रश्न राहतोच. क्लेमची माहिती कंपन्या सहजी देत नाहीत. पण दोन-तीन गॅरेजवाल्यांशी बसून 'वॉरंटीचं काम' आणि 'रोखीचं काम' यांची वर्षभराची वही बघायला मिळाली, तरी छोटा पायलट अभ्यास होईल.

मामांचं काय झालं

टोकन दिलं नव्हतं, एवढं नशीब. पुढच्या शनिवारी मी आणि मामा परत गेलो. सोबत मामांचा एक जुना विद्यार्थी, त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. त्याने गुरुजींकडून पैसे घ्यायला नकार दिला, फक्त चहा घेतला.

मी यार्डवाल्याला एकच प्रश्न विचारला: "ही वॉरंटी राहू द्या. इंजिन आणि गिअरबॉक्सची तीन महिन्यांची जबाबदारी तुम्ही स्वतः लिहून द्याल का?"

तो म्हणाला, "ताई, या गाडीचं काही सांगू शकत नाही. वॉरंटी कंपनीची असते, आमचा संबंध नाही." मग जरा थांबून शेजारच्या गाडीकडे बोट दाखवलं. तेच मॉडेल, एक वर्ष नवीन, पंचवीस हजार जास्त. "हिची देतो. लेटरहेडवर."

विद्यार्थ्याने गाडी उचलून खालून बघितली, चालवून बघितली आणि मान डोलावली. मामांनी दुसरी गाडी घेतली. विकतची वॉरंटी घेतली नाही. तीन महिने कधी संपतात ती तारीख त्यांनी कालनिर्णयवर लाल पेनने लिहून ठेवलीय.

माझ्या सिद्धांताचा विजय झाला, असं मी घरी सांगितलं. पण तुम्ही संशोधनाला लागणार आहात, म्हणून तुम्हाला खरं सांगते. यावरून काहीच सिद्ध होत नाही. नमुना एकचा. आणि यार्डवाल्याने पहिल्या गाडीला नकार दिला त्याची निदान तीन कारणं असू शकतात. एक, गाडी बिघडलेली होती आणि त्याला माहीत होतं. दोन, गाडी त्याची नव्हतीच, मालकाने कमिशनवर विकायला लावली होती, म्हणून त्याला काहीच माहीत नव्हतं. तीन, दुसऱ्या गाडीत त्याला मार्जिन जास्त होतं आणि लेटरहेड हा ती खपवायचा मार्ग होता.

हाच तुमचा गृहपाठ. या तिन्हींतली कुठली शक्यता खरी हे ठरवायला कोणती माहिती लागेल, ती कोणाकडे असेल आणि तो ती का देईल, हे प्रत्येकी पाच ओळींत लिहा. तिसऱ्या प्रश्नाशी बहुतेक सिनॉप्सिस अडतात, माझंही अडलं होतं.

गाडी अजून तरी बरी चाललीय. परवा मामांनी फोन करून सांगितलं, "घाट आरामात चढली गं." मग हळूच विचारलं, "त्या पहिल्या गाडीचं काय झालं असेल?"

मी म्हटलं, "मामा, ते कोणीतरी चौदा हजार भरून घेतली असेल." दोघंही जरा वेळ गप्प बसलो.